रिकाम्या बोळातली चाल

१

ही गोष्ट सांगायची ओरेस्तेला अजिबात हौस नाही. त्याचे गुडघे गेलेत, डाव्या कानात अष्टौप्रहर शिट्टी वाजते, आणि दुपारी आस्सुन्ताच्या बारमध्ये कोपऱ्यात बसून पत्ते कुटावेत, हरणाऱ्याची अक्कल काढावी, एवढंच त्याला या वयात हवं असतं. हल्ली तेवढंही सुख उरलेलं नाही. कुठून कुठून दाढीवाली पोरं येतात. तोरिनोहून येतात, बोलोन्याहून येतात, एक तर जर्मनीहून आला होता. ज्या फिल्मांना त्या काळी रोममधली शेंबडी पोरंसुद्धा हसायची, त्यांच्यावर म्हणे आता जाडजूड पुस्तकं निघतात. पोरं त्याच्यापुढे कॉफी ठेवतात आणि विचारतात, सोर ओरेस्ते, त्या किल्ल्याच्या बोळातली पावलं तुम्हीच काढलीत ना? बूट कुठले होते? खाली काय पसरलं होतं?

मी नाही काढली, असं तो सांगतो. त्यावर पोरं एकमेकांकडे बघून हसतात. म्हाताऱ्याचा विनय बघा, असं त्यांना वाटतं. ओरेस्तेच्या सात पिढ्यांत कुणाला विनय शिवलेला नाही.

शेवटी आस्सुन्ताच वैतागली. "एकदाचं सांगून मोकळा हो बाबा," ती म्हणाली. "एकेका कॉफीवर ही मंडळी दिवसभर टेबल अडवून बसतात. मी बार चालवते, वाचनालय नाही."

म्हणून त्यानं हातातले पत्ते पालथे ठेवले आणि सांगितलं. मध्ये कुणी बोलायचं नाही, या अटीवर.

२

त्या काळी रोममध्ये फिल्म मुकीच काढायचे. म्हणजे पडद्यावर सगळे बोलायचे, पण चित्रीकरण चालू असताना आवाज कुणी घेतच नसे. कॅमेऱ्यामागून दिग्दर्शक खेकसतोय, शेजारी सुतार खिळे ठोकतोय, आणि नायिका डोळ्यांत पाणी आणून भाजीचे भाव म्हणतेय, असं सगळं खुशाल चालायचं. नंतर शहरातल्या एखाद्या तळघरात बसून कुणीतरी तिच्या ओठांवर शब्द बसवायचे. आणि शब्द सोडून उरलेलं सगळं, म्हणजे दारं, तलवारी, पाऊस, घोडे, चुंबनं आणि पावलं, ते ओरेस्तेकडे यायचं.

ओरेस्ते आवाजवाला होता. बाप रोमच्या तेस्ताच्चो वस्तीत चांभार. तिसरीत मास्तरनं वर्गाबाहेर काढलं ते ओरेस्ते परत आत गेला नाही, बापाच्या पिंपात चामडी भिजवत बसला. पुढे युद्ध संपल्यावर कुणाच्या तरी ओळखीनं या धंद्यात शिरला आणि बापाकडचे सगळे बेवारशी जोडे घेऊनच शिरला. त्याच्याकडे एक मोठी पत्र्याची पेटी होती. तीत शिपायाचे बूट, पाद्र्याचे जोडे, नाचणारणीच्या टाचा, सपाता, खडावा, सगळं. मान मोडायची असली की सेलरीची जुडी पिळायची. सुरा खुपसायचा असला की ओलं चामडं आणि अर्धा कोबी.

तळघरातल्या त्या हॉलमध्ये एका टोकाला पडदा, मध्ये दगडी फरशीचा चौकोन, त्यावर टांगलेला माइक, आणि दुसऱ्या टोकाला काच. काचेमागं फाउस्तो. टेपचं यंत्र त्याच्या ताब्यात. गोलमटोल माणूस, केसांना तेल चोपडलेलं, जीभ सैल. दोघं कितीतरी वर्षं त्याच अंधारात एकमेकांना शिव्या देत काम करत होते.

ओरेस्तेची बायको इरमा जाऊन तेव्हा दुसरा हिवाळा चालू होता. ती होती तोवर शनिवारी डब्यात वजडी करून पाठवायची, पुदिना घालून, आणि त्यातली अर्ध्याहून जास्त फाउस्तोच्या पोटात जायची. ती गेल्यावर ओरेस्ते गार्बातेल्ला वस्तीतल्या एका इमारतीत वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटा राहायचा. उभ्या उभ्या जेवायचा. बसलं की समोरची खुर्ची दिसते. दिवसभर जगाचे आवाज काढणारा माणूस घरी गेला की नळाची तोटी मुद्दाम गळती ठेवायचा, कारण नाहीतर त्या घरात काहीच ऐकू येत नसे. रविवार तर त्याला खायला उठायचा. सोमवारी तळघराच्या पायऱ्या उतरताना फाउस्तोची शिवी कानावर पडली की मग कुठं त्याचा श्वास मोकळा व्हायचा.

हे काम सुटलं असतं तर त्याला दुसरं माणूस नव्हतं. पैशाचं कसंही भागलं असतं. पण बोलणार कुणाशी?

३

फिल्म होती त्रिपोदी नावाच्या निर्मात्याची. सरकारी किताब मिळालेला, म्हणून सगळे त्याला कोमेंदातोरे म्हणायचे. हा आधी थडग्यांना लागणारा संगमरवर विकायचा. ब्राच्चानोच्या तळ्यापलीकडचा एक पडका किल्ला त्यानं भाड्यानं घेतला आणि दोन आठवड्यांच्या आत सगळं उरकलं. दिग्दर्शक फ्रोसिनोनेचा, नाव पास्क्वाले, पण फिल्मच्या सुरुवातीच्या पाटीवर त्याचं नाव इंग्रजी लावलेलं. सगळ्यांचीच तशी. रोमच्या माणसानं काढलेल्या भुताला रोमचा माणूस घाबरत नाही, असं त्रिपोदीचं म्हणणं. दिग्दर्शकाला सगळे दोत्तोरे म्हणायचे. शिकलेला होता का, ते कुणी विचारलं नाही.

गोष्ट नेहमीचीच. तरुण उमराव बाई, तिला विष घालून मारतात, ती तळघरातून परत येते. रात्रीची दृश्यं भर दुपारी कॅमेऱ्यावर निळी काच लावून काढलेली, कारण रात्रीचे दिवे लावायचे तर त्रिपोदीच्या जिवावर यायचं. नीट बघितलं तर चांदण्या रात्री भिंतीवर पाली ऊन खाताना दिसायच्या.

पण फिल्म लांबीला कमी पडली. थिएटरवाले तेवढ्या आखूड फिल्मला उभं करत नव्हते. तेव्हा त्रिपोदीनं फर्मान काढलं की आता एक फूटही कापायचं नाही. कुठल्याही धड फिल्ममध्ये माणूस दारातून गेला की तिथंच कात्री लागते. इथं माणूस गेल्यावरही मागं कॅमेरा चालू राहिलेला असेल तितका सगळा तुकडा ठेवला. ओसाड बागा ठेवल्या, नुसते जिने ठेवले.

तसाच तो बोळ राहिला. नायिका हातात मेणबत्ती घेऊन लांबलचक दगडी बोळातून धावत येते, डावीकडचं दार ओढते, आत जाते. दार लागतं. मग नुसता बोळ. दोन्हीकडे चिलखतं, पलीकडच्या टोकाला काळोख, आणि काही नाही.

४

आवाज भरायची रीत अशी की फिल्मचा एक तुकडा घ्यायचा, त्याची दोन टोकं चिकटवून कडं करायचं आणि यंत्रावर चढवायचं. मग तेच दृश्य पडद्यावर फिरून फिरून येतं, तुमचं काम जमेपर्यंत.

ओरेस्तेनं टाचांचे जोडे चढवले. बाईचे पाय बघत फरशीवर जागच्या जागी पळाला, दाराशी थांबला, कडी ओढली, दार आपटलं. मग रिकाम्या बोळाचा वेळ तो पुतळ्यासारखा उभा राहिला. त्या वेळात हलायचं नसतं, कपडाही सळसळू द्यायचा नसतो. दोन-तीन फेऱ्यांत जमलं. फाउस्तोनं टेप मागं नेऊन लावली.

टाचा नीट पडल्या होत्या. दार नीट लागलं होतं. मग शांतता. आणि त्या शांततेत कुणीतरी चालत होतं.

खूप लांबून. टाचांचा आवाज नव्हे. मऊ तळ, सावकाश.

फाउस्तोनं टेप थांबवली आणि काचेवर टकटक केलं. "अरे ओरेस्ते, बाई गेली. तू कुणाला पोचवायला निघालास?"

आपण हललो नाही, असं ओरेस्तेनं सांगितलं. फाउस्तो म्हणाला, मग काय माझी आजी चालली का? ओरेस्तेनं त्याच्या आजीविषयी दोन शब्द सांगितले. दोघं हसले. पुन्हा घेऊ म्हणाले.

पुन्हा घेतलं. पुन्हा तेच. फक्त या वेळी पावलं तेवढी लांब नव्हती.

५

ओरेस्ते वेडा नव्हता. आवाज कुठून येतो हे शोधण्यातच त्याचं आयुष्य गेलं होतं, आणि प्रत्येक आवाजाला कुठंतरी कुणाचा तरी हात नाहीतर पाय असतोच, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं.

पहिला संशय टेपचा. त्रिपोदी जुन्याच टेपा पुसून वापरायला द्यायचा, आधीचं काही राहिलं असेल. फाउस्तोनं कपाटातून नवी कोरी फोडली. पावलं आली. मग वरच्या दुकानाचा संशय. तळघराच्या वर एक गाद्यांचं दुकान होतं. ओरेस्ते जिना चढून वर गेला. बाहेर लख्ख दुपार, ट्राम चाललेली, आणि दुकानाला कुलूप. मालक सुट्टीला गावी गेल्याची चिठ्ठी दारावर. मग नळ झाला, तारा झाल्या, दाराची फट झाली. फटीत चिंध्या कोंबल्या.

शेवटी त्यानं जोडे काढले, मोजे काढले, चार पदरी घोंगडी अंथरली आणि तिच्यावर अनवाणी उभा राहिला. समोर पडद्यावर बाई धावत आली, दारात गेली, तिच्यामागं दार आवाज न करता लागलं. रिकामा बोळ. ओरेस्तेनं श्वास धरला. हॉलमध्ये त्याला काहीही ऐकू आलं नाही. काही म्हणजे काही नाही.

टेपवर मात्र आलं. आता इतकं जवळ, की तळाखाली घासणारी वाळूची कचकच कळत होती. तीन-चार पावलं, मग एक थांबणं, मग पुन्हा पावलं.

ते थांबणं ऐकलं आणि मोजे पुन्हा चढवत असलेल्या ओरेस्तेनं ते खाली टाकले.

शेवटच्या वर्षी इरमाला धाप लागायची. स्वयंपाकघरातून खिडकीपर्यंत यायला तिला वाटेत एकदा टेकावं लागायचं. कपाटावर हात ठेवायची, तोंडानं काही बोलायची नाही, आणि पुन्हा निघायची. ते थांबणं तो आतल्या खोलीत पडल्या पडल्या ऐकत असे. दुनियेच्या बायांची पावलं त्यानं काढली. इरमाचीही काढता येतील का, असं ती गेल्यावर एका रविवारी त्यानं घरी करून बघितलं होतं. जमली नव्हती. थांबायचं किती, ते त्याला सापडत नव्हतं.

इथं ते बरोबर होतं.

पण इरमा हलकी होती. ही पावलं हलकी नव्हती. हे त्याच्या कानाला लगेच कळलं होतं आणि त्यानं ते स्वतःशीसुद्धा कबूल केलं नाही.

फाउस्तो काचेमागून उठून बाहेर आला. आता त्याच्या तोंडावर हसू नव्हतं. तो जरा दयेनंच बोलायला लागला आणि ते ओरेस्तेला शिवीपेक्षा झोंबलं. बायको गेल्यापासून तू झोपत नाहीस, तो म्हणाला, पाय हलतात आणि तुला कळत नाहीत, वय झालं की व्हायचंच. मिलानोत आता पावलांच्या तयार टेपा मिळायला लागल्यात, शिपायाची, बाईची, पाहिजे ती. तुझे पाय तुझ्या ताब्यात नाहीत हे त्रिपोदीच्या कानावर गेलं तर उद्यापासून या जिन्यावर तुला कुणी उतरू देणार नाही.

"मी उभा होतो," ओरेस्ते म्हणाला. "हॉलमध्ये मी नसतानाच टेप लाव. मग तर पटेल?"

६

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांनी मिळून हॉलचं दार बाहेरून लावलं. घोंगडी, पेटी, जोडे, सगळं आधीच बाहेर काढलेलं. ओरेस्ते काचेमागच्या खोलीत फाउस्तोच्या शेजारी स्टुलावर बसला. खोली लहान, फाउस्तोच्या तेलाचा वास, गरम झालेल्या यंत्राचा वास. काचेपलीकडे नुसता दगडी चौकोन आणि वर लटकणारा माइक.

कडं सुरू झालं. बाई धावली. आवाज मोजणारा काटा पडून होता. दार लागलं. काटा पडूनच. रिकामा बोळ आला.

काटा हलला.

जरासा हलला, पडला. पुन्हा हलला. भिंतीतल्या कर्ण्यातून ती मऊ चाल येत होती आणि समोर, काचेपलीकडे, त्या चौकोनावर कुणी नव्हतं. ओरेस्ते फाउस्तोकडे बघत राहिला. फाउस्तो काट्याकडे बघत होता. त्याच्या बोटातल्या सिगारेटची राख लांबत गेली आणि पँटवर पडली, तरी त्यानं झटकली नाही.

पावलं माइकखाली येऊन थांबली. तितकंच थांबली, जितकं इरमा थांबायची.

कड्याची फेरी पूर्ण झाली. पडद्यावर पुन्हा बाई धावायला लागली. ती धावत असेपर्यंत कर्ण्यात चिटपाखरूही नव्हतं, जणू जे कोणी होतं ते तिचं आटपायची वाट बघत होतं. दार लागलं. मग पावलं पुन्हा सुरू झाली, पण मागून नाही. जिथं थांबली होती तिथूनच. माइक मागं टाकून पुढे. काटा हळूहळू खाली येत चालला. माइकपासून लांब जाणारं माणूस दुसरीकडे कुठं जाणार? त्या बाजूला हॉलमध्ये काचेशिवाय काही नव्हतं.

फाउस्तोनं हात मारून सगळी बटणं बंद केली. पडदा विझला. कर्णा मुका झाला.

दोघं काळोखात बसून राहिले. काचेच्या पलीकडून, कर्ण्यातून नव्हे, अगदी बारीक असं काहीतरी काचेला टेकल्यासारखं झालं.

"उंदीर," फाउस्तो म्हणाला.

मग कोट घेऊन जिना चढून गेला.

७

त्रिपोदी आणि दोत्तोरे पास्क्वाले काम बघायला आले तेव्हा फाउस्तोनं त्यांना आधीची टेप लावून दाखवली. दोत्तोरेनं डोळे मिटून ऐकलं. त्रिपोदीनं ऐकता ऐकता खिशातून शेंगदाणे काढून खाल्ले आणि मग विचारलं की रिकाम्या बोळात हे कोण चालतंय, असं तर कागदावर नाही.

ओरेस्ते म्हणाला, आपण नाही. फाउस्तोला विचारा, त्यानं डोळ्यांनी बघितलंय.

सगळे फाउस्तोकडे वळले. तो यंत्रावरची धूळ बोटानं पुसत होता. मग मान वर न करता म्हणाला, "ओरेस्तेच चालत होता. त्याला आता भान राहत नाही, कोमेंदातोरे. वाईट वाटतं, पण आहे ते आहे."

ओरेस्ते म्हणजे आयुष्यात एवढ्या शिव्या जमवलेला माणूस, पण त्यातली एकही वेळेला हाती लागेना.

दोत्तोरेला पावलं फार आवडली. राहू द्या म्हणाला, बोळ भरल्यासारखा वाटतो. त्रिपोदीनं पावलं ठेवली आणि ओरेस्तेला काढलं. भान नसलेल्या माणसाला तळघरात ठेवायचं, उद्या कुठं पडला-झडला तर निस्तरायचं कुणी? त्यानं ओरेस्तेच्या पाठीवर थोपटलं, विश्रांती घ्या म्हणाला, आणि वर निघून गेला. त्याच्या मागून दोत्तोरे. त्याच्या मागून फाउस्तो, काचेमागचा दिवा घालवून.

ओरेस्ते पेटी भरायला एकटा मागं राहिला. जोडे एकेक करून आत ठेवले. यंत्र बंद होतं, पडदा काळा होता. शेवटचे टाचांचे जोडे उचलायला त्यानं दगडी चौकोनावर एक पाऊल टाकलं.

पलीकडच्या अंधारात एक पाऊल पडलं.

तो थांबला. मग, का कोण जाणे, धंद्याची सवय म्हणा, त्यानं दुसरं टाकलं. तिकडूनही पडलं. त्यानं पेटीचं झाकण लावलं, जोडे तिथंच टाकले आणि जिना चढला. चढताना त्यानं मागं बघितलं नाही. मागून येणाऱ्याला मध्ये एकदा टेकावं लागत होतं, एवढं कळलं.

८

पुढचे काही महिने त्याला कुणी कामाला बोलावलं नाही. रोममधले सगळे आवाजवाले, यंत्रवाले एकाच बारमध्ये कॉफी पितात. बातमीला पाय लागत नाहीत.

तो भाजी आणायला जायचा, बाकावर बसायचा, परत यायचा. आणि भर दुपारी, खालच्या बायका कपडे वाळत घालत असताना, जिन्यात त्याच्यामागून ती चाल यायची. तो थांबला की थांबत नसे. आपल्या ठरलेल्या जागीच थांबायची, आपल्या वेळानं निघायची. वरच्या मजल्यावर त्याच्या दारापर्यंत यायची. तो आत जाऊन दाराला पाठ टेकून उभा राहायचा. इरमा असली तर ती दार लोटून आत येईल, असा त्याचा हिशेब. घर तिचंच होतं. पण जी कोणी होती ती लोटायची नाही. बाहेर थांबायची. विचारल्याशिवाय आत यायचं नाही, अशी.

एकदा त्यानं दार उघडलं. समोर जिना आणि उन्हाचा पट्टा. त्यानं तोंडातल्या तोंडात तिचं नाव घेतलं. खालच्या मजल्यावरून कुणाच्या तरी रेडिओवर फुटबॉल चालू होता.

९

फिल्म मोठ्या थिएटरांतून केव्हाच उतरली आणि वस्तीतल्या चर्चच्या सिनेमात रविवारी दुपारी लागली. ओरेस्ते गेला. त्याला ती चाल एकदा लोकांमध्ये बसून ऐकायची होती. चारचौघांना ऐकू आली तर आपण खुळे नाही, एवढं तरी ठरलं असतं.

लाकडी घडीच्या खुर्च्या, बसलं की करकरणाऱ्या, उठलं की आपोआप मिटणाऱ्या. धूर, भोपळ्याच्या बिया सोलल्याचा आवाज, पोरांचा दंगा. मधल्या वाटेच्या कडेला त्याला जागा मिळाली. आतल्या बाजूच्या रिकाम्या, मिटलेल्या खुर्चीवर त्यानं टोपी अडकवली. दिवे जायच्या आधी त्याला पुढं तीन रांगा सोडून तेल चोपडलेलं एक डोकं दिसलं. फाउस्तो. एकटाच आला होता. हा इथं कशाला, असं ओरेस्तेच्या मनात आलं, आणि उत्तरही लगेच आलं. त्यालाही खात्री करून घ्यायची होती.

फिल्म चालू झाली. लोक हसले. चांदण्यातली पाल दिसली तेव्हा तर टाळ्या पडल्या. मग बोळ आला. बाई धावली, ऑर्गन गरजला. दार लागलं. त्रिपोदीनं स्वस्तात घेतलेलं संगीत तिथं संपलं आणि नुसता बोळ राहिला.

पावलं आली.

हसू थांबलं. बिया सोलायचं थांबलं. आणि मग ओरेस्तेला भलतंच काही दिसलं. लोक पडद्याकडे बघत नव्हते. एकेक डोकं मागं वळत होतं. मधल्या वाटेकडे. पोरं, बायका, पुढच्या रांगेतला पाद्री, सगळ्यांच्या नजरा कुणाला तरी वाट करून द्यावी तशा हळूहळू सरकत होत्या, मागच्या दारापासून पुढे, एकेक रांग करत. पण त्या नजरांत भीती नव्हती. उशिरा आलेलं माणूस जागा शोधतंय म्हटल्यावर लोक बघतात, तसंच ते बघत होते, आणि काही दिसेना म्हणून पुन्हा पडद्याकडे वळत होते.

चाल त्याच्या रांगेशी आली. थांबली.

ओरेस्ते समोर बघत राहिला. मान वळवावी असं वाटत होतं आणि वळवली तर काय, तेही वाटत होतं. इरमा असली तर आपलं काय होईल? आणि नसली तर इतके महिने दाराशी कोण उभं होतं? माणूस किती एकटा असला म्हणजे असलं काही करतो ते त्याचं त्याला माहीत. त्यानं हात लांब केला आणि शेजारच्या खुर्चीवरची टोपी उचलली. गुडघे बाजूला घेतले.

कापड त्याच्या गुडघ्यांना घासून गेलं. खुर्ची करकरली आणि खाली आली.

तेव्हा फाउस्तो वळला. बाकीचे सगळे पुन्हा पडद्यात गुंतले होते, तो एकटाच वळला, आणि त्याची नजर ओरेस्तेवर नव्हती. ओरेस्तेच्या शेजारी होती. पडद्याचा निळा उजेड फाउस्तोच्या तोंडावर पडला होता. त्या तोंडाचं काय झालं ते ओरेस्तेनं नीट पाहिलं, कारण दुसरीकडे बघायची त्याची छाती नव्हती. ओळख पटल्यावर माणसाचं तोंड होतं तसं ते आधी झालं. मग ते तसं राहिलं नाही. जबडा लोंबला. फाउस्तो उठला, लोकांच्या पायांवर पाय देत रांगेबाहेर पडला, आणि भिंतीला पाठ घासत, खुर्चीवरची नजर न काढता, बाजूच्या दारानं गेला.

दिवे लागले तेव्हा ओरेस्तेच्या मांडीवर टोपी होती. शेजारची खुर्ची उघडी होती. मिटली नव्हती.

१०

त्या दिवसापासून जिना गप्प आहे. इतकी वर्षं झाली, दारापर्यंत कुणी आलं नाही. यायची गरज राहिली नाही, असं ओरेस्ते म्हणतो. नळाची तोटी त्यानं दुरुस्त करून घेतली. घर रिकामं वाटत नाही. स्वयंपाकघरातल्या त्या दुसऱ्या खुर्चीकडे तो सरळ बघत नाही, आणि बाहेरून आला की दारातूनच खोकतो.

आपण इरमासोबत राहतो असं त्याला बरेचदा वाटतं. मग कधी फाउस्तोचं ते तोंड आठवतं. इरमाला बघून फाउस्तो असा कशाला पळेल? त्यानं तिच्या हातची वजडी खाल्ली होती. घाबरला असता, रडला असता, पण असा भिंतीला घासत गेला नसता. आणि इरमा नव्हती म्हणावं, तर आधी ती ओळख कसली होती?

त्यानं फाउस्तोला गाठायचा प्रयत्न केला. घरी गेला तर त्याची बायको म्हणाली बाहेर गेलेत, आणि आत खोकला ऐकू आला. पुढे फाउस्तोनं तळघर सोडलं आणि ऑस्तियाला समुद्राकाठी रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. ओरेस्ते गाडी पकडून तिथंही गेला. भर बाराला फाउस्तोनं त्याला रस्ता ओलांडताना पाहिलं. पाहिलं ते ओरेस्तेला नव्हे, त्याच्या बाजूच्या मोकळ्या रस्त्याला. आणि शटर ओढून घेतलं. ओरेस्ते शटर बडवत राहिला. आतून फाउस्तो एकदाच बोलला. "तू ये कधीही. पण एकटा ये."

ते ऐकून ओरेस्ते परत आला. एकटा कसा जाणार, हे त्याला माहीत नाही.

दाढीवाल्या पोरांना हे सगळं सांगून झाल्यावर त्यानं पत्ते पुन्हा उचलले. बुटांचं विचारायचं असेल तर मला विचारू नका, म्हणाला. चाकरी गेली तिचं मला आता सुखदुःख नाही. पण चार लोकांसमोर त्यानं मला खोटं पाडलं, आणि माझ्या घरात माझ्यासोबत कोण राहतं ते या जगात फक्त त्याला ठाऊक असून तो सांगत नाही. माफी मागायला लाज वाटत असेल तर नुसतं नाव सांगावं, मी तेवढ्यावर सोडून देईन. ऑस्तियाला गाडीनं जा, स्टेशनापासून डावीकडे, रेडिओचं दुकान. तुम्ही त्याला विचारा. नाव सांगतो, फाउस्तो पेलुझ्झी.